शब्दाची फोड करताना: एकाच सामग्रीवर तीन प्रारूपे चालवून पाहण्याची पद्धत

भाषाविज्ञानाच्या अभ्यासात रूपविचार, म्हणजे शब्दाच्या अंतर्गत रचनेचा विचार, बहुतेकदा उलट्या क्रमाने शिकवला जातो. आधी सिद्धांतांची नावे, मग त्यांच्यातले वाद आणि शेवटी दोनचार सोयीची उदाहरणे. त्यामुळे विद्यार्थ्याला प्रत्येक सिद्धांत बरोबरच वाटतो, कारण उदाहरण त्या सिद्धांताला साजेसे निवडलेले असते. या लेखात क्रम बदलला आहे. सामग्री एकच ठेवायची, तीही थोडी हट्टी निवडायची, आणि तिच्यावर एकामागून एक प्रारूपे, म्हणजे शब्दरचना मांडण्याच्या चौकटी, चालवायची. कोणते प्रारूप कुठे सहज चालते आणि कुठे त्याला जास्तीची यंत्रणा उभारावी लागते, हे मग आपोआप दिसते. माझे ठाम मत असे की सिद्धांतांमधला खरा फरक गुंतागुंत कुठे ठेवायची यात आहे. ती कोणत्याही सिद्धांताने नाहीशी होत नाही.

उदाहरणे मुख्यतः मराठीची घेतली आहेत, कारण मराठी वाचकाला ती स्वतःच्या कानाने तपासता येतात. पद्धत मात्र कोणत्याही भाषेला लागू पडते.

पहिली पायरी: सामग्री गोळा करणे

सुटे शब्द जमवू नका, प्रत्येक शब्दाची रूपावली, म्हणजे त्याच्या रूपांचा तक्ता, जमवा. मराठी नामासाठी किमान चार घरे भरावीत: एकवचन, अनेकवचन, एकवचनाचे सामान्यरूप, अनेकवचनाचे सामान्यरूप. घोडा, घोडे, घोड्या-, घोड्यां-. घर, घरे, घरा-, घरां-. दगड, दगड, दगडा-, दगडां-. भिंत, भिंती, भिंती-, भिंतीं-. वाट, वाटा, वाटे-, वाटां-.

निवड करताना तिन्ही लिंगे यावीत, स्वरान्त आणि व्यंजनान्त दोन्ही यावेत, तत्सम शब्द यावेत आणि अलीकडे भाषेत आलेले शब्दही यावेत. माझ्या यादीत माणूस, कापूस, पाऊस, विहीर, शरीर, वासरू, मोती आणि डॉक्टर नेहमी असतात. यातला प्रत्येक शब्द पुढे कुठे ना कुठे अडवतो आणि त्यासाठीच तो घ्यायचा.

लिहिताना लिपीवर विसंबू नका. देवनागरीत ‘घर’ अकारान्त दिसतो, पण उच्चारात तो व्यंजनान्त आहे. ‘घरांवर’मधला अनुस्वार कागदावर अनेकवचन दाखवतो, पण बऱ्याच जणांच्या बोलण्यात ‘घरावर’ आणि ‘घरांवर’ यांत काहीच फरक ऐकू येत नाही. अशा वेळी वचनाचा भेद खरोखर कोणत्या घटकात आहे, हा प्रश्न लिपीने झाकलेला असतो. ‘घराला’ आणि ‘घरांना’ या जोडीत तो प्रत्ययात उघड दिसतो. रूपावली उच्चाराप्रमाणे एकदा स्वतंत्र लिहून काढली की पुढचे पुष्कळ घोळ टळतात.

दुसरी पायरी: तुकडे पाडणे

रूपिम म्हणजे अर्थ असलेला, आणखी न फोडता येणारा शब्दाचा लहानात लहान घटक. तो शोधण्याची रीत साधी आहे. दोन रूपांत एकच भाग बदलतो आणि त्याबरोबर अर्थाचाही तेवढाच भाग बदलतो, अशा जोड्या शोधायच्या. घरात, घरावर, घरापासून. दगडात, दगडावर, दगडापासून. यातून ‘त’, ‘वर’, ‘पासून’ हे घटक वेगळे होतात आणि मध्ये एक ‘आ’ उरतो. हा ‘आ’ बाजूला लिहून ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

कापण्याची घाई मात्र धोक्याची. ‘शेजारीपाजारी’मधून ‘शेजारी’ काढला की ‘पाजारी’ उरतो, आणि हा ‘पाजारी’ स्वतंत्रपणे कुठेच वापरला जात नाही. तो रूपिम मानायचा का? वितरण, म्हणजे तुकडा कुठे कुठे येतो ते, पाहणारे हो म्हणतील, अर्थ मागणारे अडखळतील. ‘जबाबदार’मध्ये ‘जबाब’ आणि ‘दार’ स्पष्ट दिसतात, ‘दुकानदार’ आणि ‘जमीनदार’ यांतही ‘दार’ आहे, पण ‘जबाबदार’चा आजचा अर्थ त्या दोन तुकड्यांची बेरीज करून मिळत नाही. अशा शब्दांपुढे खूण करून ठेवावी. रूप फुटते पण अर्थ फुटत नाही, ही नोंद पुढे सिद्धांत निवडताना निर्णायक ठरते.

साधित शब्दांत तुकड्यांबरोबर थरही लिहावेत. ‘बेजबाबदारपणा’ हा तीन तुकड्यांचा नुसता क्रम नाही. आधी ‘जबाबदार’ला ‘बे’ लागून विशेषण होते आणि मग त्या विशेषणाला ‘पणा’ लागून नाम होते. कंस घालून लिहिले की हा क्रम दिसतो: [[बे [जबाबदार]] पणा].

तिसरी पायरी: आधी घटक-मांडणी प्रारूप

चार्ल्स हॉकेट यांनी 1954 साली ‘वर्ड’ या नियतकालिकातल्या लेखात दोन प्रारूपांची तुलना केली: घटक आणि त्यांची मांडणी हे एक, घटक आणि प्रक्रिया हे दुसरे. शब्द आणि रूपावली या तिसऱ्या, जुन्या प्रारूपाचा त्यांनी उल्लेख केला, पण त्याची चर्चा बाजूला ठेवली. रॉबिन्स यांनी 1959 साली त्याची बाजू मांडली आणि पुढे मॅथ्यूज यांनी 1972 मध्ये ते सविस्तर उभे केले. आजचे बहुतेक वाद या तीन प्रारूपांच्या चौकटीत बसवून वाचता येतात.

सुरुवात घटक-मांडणीने करावी, कारण ते सर्वांत कडक आहे. त्यात दोनच गोष्टींना परवानगी आहे: घटकांची यादी आणि त्यांचा क्रम. शब्दात जे काही आहे ते कोणत्या तरी घटकाचे असले पाहिजे.

काही भाषांना हे प्रारूप मोजून शिवल्यासारखे बसते. तुर्की भाषेतला ‘एवलेरिमदे’ हा शब्द पाहा. एव म्हणजे घर, लेर अनेकवचनाचा, इम ‘माझे’ या अर्थाचा, दे ‘मध्ये’ या अर्थाचा. चार तुकडे, चार अर्थ, क्रम ठरलेला. मराठीतही सामान्यरूपाच्या पुढचा भाग असाच वागतो. ‘घरापासूनसुद्धा’, ‘घरातच’, ‘घरावरही’ यांतले तुकडे सहज सुटतात आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला असतो.

आता ‘माणूस’ घ्या. माणूस, माणसाला. घटक-मांडणीत लिहायचे तर या रूपिमाची दोन रूपिकांतरे, म्हणजे जागेनुसार बदलणारी रूपे, मानावी लागतात: एकटा असताना ‘माणूस’, पुढे काही लागले की ‘माणस’. तेच ‘कापूस’ आणि ‘कापस’, ‘पाऊस’ आणि ‘पावस’, ‘बेडूक’ आणि ‘बेडक’. प्रत्येक शब्दासाठी वेगळी जोडी नोंदवायची. हिशेब बरोबर येतो, पण या सगळ्या जोड्यांत एकच गोष्ट घडते आहे हे सांगायला जागाच राहत नाही.

‘दगड’चे अनेकवचनही ‘दगड’. इथे शून्य रूपिम मानावा लागतो. शून्य ही काही आधुनिकांची पळवाट नाही. पाणिनीने ‘अदर्शनं लोपः’ या सूत्राने न दिसणाऱ्या घटकालाही व्याकरणात स्थान दिले आहे. शून्य मानायचे असेल तर एक शिस्त पाळावी: त्याच घरात इतर शब्दांना दिसणारा प्रत्यय असला पाहिजे. ‘घोडे’ आणि ‘घरे’ आहेत, म्हणून ‘दगड’च्या अनेकवचनात शून्य मानायला आधार आहे. असा आधार नसताना शून्य घालत गेलो तर काहीही सिद्ध करता येते.

या प्रारूपाची खरी अडचण क्रियापदांत होते. पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, गळणे आणि गाळणे, टळणे आणि टाळणे, जळणे आणि जाळणे. ‘पाड’मध्ये ‘दुसऱ्याकडून घडवणे’ हा अर्थ नेमका कोणत्या तुकड्यात आहे? तुकडा नाहीच, फक्त स्वर बदलला आहे. ‘बस’ला ‘व’ लागून ‘बसव’ होतो तिथे घटक दाखवता येतो. ‘पाड’मध्ये तो दाखवण्यासाठी शून्य प्रत्यय मानून त्याच्यामुळे स्वर बदलतो असे म्हणावे लागेल. म्हणजे जे ऐकू येते ते कारण नव्हे आणि जे ऐकू येत नाही ते कारण. हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही.

चौथी पायरी: प्रक्रिया म्हणून लिहून पाहणे

आता तीच सामग्री नियमांच्या भाषेत लिहा. मूळ रूप एक, त्यावर घडणारी क्रिया दुसरी. ‘पड’पासून ‘पाड’: धातूतल्या अ-चा आ करा. ‘माणूस’पासून ‘माणसा’: शेवटच्या अक्षरातल्या ऊ-चा अ करा आणि आ जोडा. माणूस, कापूस, बेडूक, लाकूड हे सारे एका ओळीत आले. पाऊस आणि देऊळ यांना आणखी एक छोटा नियम लागतो, कारण तिथे ऊ जाताना व येतो: पावसा, देवळा.

नियम लिहिला की लगेच त्याला मोडणारे शब्द शोधायचे. ‘विहीर’चे ‘विहरी’ होत नाही, ‘विहिरी’ होते. ‘बहीण’चे ‘बहिणी’. म्हणजे स्त्रीलिंगी नामांत स्वर जात नाही, फक्त ऱ्हस्व होतो. ‘शरीर’चे ‘शरीरा’ राहते, स्वराला धक्काही लागत नाही, कारण तो तत्सम आहे. तसेच ‘फूल’चे ‘फुला’ होते, पण ‘रूप’चे ‘रूपा’ राहते. हा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद उच्चारात किती आणि लेखनात किती, हेही पहिल्या पायरीतल्या नोंदींवरून तपासून घ्या. एकूण, नियमाला ध्वनीची अट पुरत नाही. लिंगाची आणि शब्दाच्या कुळाचीही अट घालावी लागते. प्रक्रिया-प्रारूपाची किंमत ती हीच. यादी छोटी झाली, अटी वाढल्या.

एका ठिकाणी मात्र या प्रारूपाला तोड नाही. दगडबिगड, घरबिर, शाळाबिळा, पुस्तकबिस्तक, गाडीबिडी. ‘आणि तत्सम इतर’ हा अर्थ इथे ज्या दुसऱ्या भागात आहे, तो प्रत्येक वेळी नवा असतो. त्याची यादी करताच येत नाही. नियम मात्र एका वाक्यात सांगता येतो: शब्द पुन्हा उच्चारा आणि त्याच्या सुरुवातीच्या व्यंजनस्वराच्या जागी ‘बि’ ठेवा. अरबीत क-त-ब या व्यंजनांच्या सांगाड्यात वेगवेगळे स्वर भरून ‘किताब’ म्हणजे पुस्तक आणि ‘कातिब’ म्हणजे लिहिणारा हे शब्द तयार होतात. तिथेही सलग तुकडा कापून हाती येत नाही.

प्रक्रियेला दिशा लागते, आणि तिथे प्रत्येक वेळी थांबून विचार करावा. तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, सुटणे आणि सोडणे. कोणते मूळ आणि कोणते साधलेले? ‘तुट’कडून निघालो तर उ-चा ओ आणि ट-चा ड करायचा. ‘तोड’कडून निघालो तर उलटे. तपासायची युक्ती अशी: ज्या बाजूने निघाल्यावर कमी चुकीचे शब्द तयार होतात ती बाजू मूळ धरावी. ‘-ओड’ असलेल्या ‘मोडणे’वर नियम चालवला तर ‘मुटणे’ मिळते, जे भाषेत नाही. ‘काठी मोडली’ आणि ‘त्याने काठी मोडली’ या दोन्ही ठिकाणी ‘मोडणे’च चालते. म्हणून अकर्मकाकडून निघणे बरे. राजेंद्र सिंग आणि ॲलन फोर्ड यांनी मांडलेल्या पूर्णशब्दवादी भूमिकेत हा प्रश्नच उठत नाही. तिथे दोन पूर्ण शब्दांमधला संबंध नोंदवला जातो आणि तो दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

पाचवी पायरी: रूपावलीकडे वळणे

आता त्या बाजूला ठेवलेल्या ‘आ’कडे या. ‘घराला’मधला ‘आ’, ‘घोड्याला’मधला ‘या’, ‘वाटेला’मधला ‘ए’, ‘भिंतीला’मधला ‘ई’. यांचा अर्थ काय? प्रत्यय जोडण्यासाठी आलेला सांधा, असे उत्तर सहज सुचते. ते अपुरे आहे, आणि त्याचा पुरावा विशेषणांत आहे. ‘काळ्या घोड्याला’ यात ‘काळा’चे ‘काळ्या’ झाले, पण त्याच्यापुढे ‘ला’ नाहीच. सांधा असता तर जोडायला काही नसताना तो आला नसता. सामान्यरूप ही रूपावलीतली एक जागा आहे. तिला स्वतःचा अर्थ नाही, पण तिचे रूप ठरलेले आहे आणि वाक्यात कुठे यायचे तेही ठरलेले आहे.

शब्द आणि रूपावली या प्रारूपात अशी जागा मानायला अडचण नाही. तिथे पूर्ण शब्द हा पाया असतो. घरातल्या वैशिष्ट्यांना रूप कसे मिळते ते नियम सांगतात, आणि एक तुकडा म्हणजे एक अर्थ ही अट नसते. लॅटिनच्या ‘आमो’ या रूपातला एकटा ओ प्रथम पुरुष, एकवचन, वर्तमानकाळ, निश्चयार्थ आणि कर्तरी प्रयोग एवढे सगळे सांगतो. त्याचे पाच तुकडे कोण करणार?

मराठीचे ‘जातो’ तितकेच बोलके आहे. पुरुष म्हणतो ‘मी जातो’, स्त्री म्हणते ‘मी जाते’. तो जातो, ती जाते. मग ओ म्हणजे पुल्लिंगी एकवचन असे वाटू लागते, आणि ‘आम्ही जातो’ समोर येते. तिथे अनेकवचन आहे आणि बोलणाऱ्या सगळ्या स्त्रिया असल्या तरी रूप तेच. घटक-मांडणीत एकसारखे ऐकू येणारे दोन वेगळे ओ मानावे लागतात. रूपावलीत मात्र एवढेच म्हणायचे की ही घरे एकच रूप वाटून घेतात.

या प्रारूपाचा सर्वांत उपयोगी भाग भाकिताचा आहे. कोणत्या घरावरून कोणते घर सांगता येते ते पाहा. ‘भिंत’ आणि ‘वाट’ दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही व्यंजनान्त. मूळ रूपावरून सामान्यरूप ‘भिंती’ पण ‘वाटे’ असे का, ते कळत नाही. अनेकवचन कळले की सगळे कळते. अनेकवचन ई-कारान्त असेल तर सामान्यरूपही ई-कारान्त: भिंती, विहिरी, बहिणी. अनेकवचन आ-कारान्त असेल तर सामान्यरूप ए-कारान्त: वाटा आणि वाटे, जिभा आणि जिभे, विटा आणि विटे, चुका आणि चुके. अशा गमक, म्हणजे बाकीची रूपे सांगून टाकणाऱ्या, रूपांचा शोध घेणे हे या पायरीवरचे मुख्य काम. मराठी शिकणाऱ्याला शब्दाबरोबर त्याचे अनेकवचन दिले तर हा सगळा वर्ग हाती येतो, इतका हा मुद्दा व्यवहाराचा आहे.

क्रियापदांत आणखी खोल जाता येते. पडला, उडाला, मागितला, घेतला, खाल्ला, गेला, आला. ‘पड’ आणि ‘उड’ दोन्ही अकर्मक, दोन्ही तितकेच लहान, तरी एकाला मध्ये काही लागत नाही आणि दुसऱ्याला ‘आ’ लागतो. ‘इत’ आणि ‘त’ यांनाही वेगळा अर्थ नाही. प्रत्यय लागण्याआधी शब्दाचे जे रूप तयार होते त्याला अंग म्हणतात, आणि यांना भूतकाळाची अंगे म्हणण्याचा मोह होतो. पण ‘तू गेल्यावर मी येईन’ हे वाक्य घ्या. जाणे अजून घडायचे आहे, तरीही अंग ‘गे’चेच आहे, ‘जा’चे नाही. म्हणजे या अंगाला भूतकाळ हा अर्थ चिकटवता येत नाही. ते एक अंग आहे, आणि व्याकरणातली काही ठरावीक रूपे त्याच्यावर उभी राहतात. मार्क अरोनॉफ यांनी 1994 मध्ये लॅटिनच्या क्रियापदांवरून नेमका हा विचार मांडला: तिथे पूर्णत्वाचे कर्मणी धातुसाधित आणि भविष्याचे कर्तरी धातुसाधित एकाच अंगावरून बनतात, आणि त्या दोघांत अर्थाचा समान धागा नाही. मराठीतली ही अंगे त्याच दृष्टीने तपासण्यासारखी आहेत, आणि मला हा रूपविचारातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

सहावी पायरी: नव्या सिद्धांतांना जागा देणे

इथवर आलात की आधुनिक मांडण्या वाचायला जड जात नाहीत. ग्रेगरी स्टम्प यांनी 2001 मध्ये दिलेले दोन प्रश्न प्रत्येक सिद्धांताला विचारावेत. पहिला: अर्थ प्रत्ययाच्या नोंदीत साठवलेला आहे, की तो नियमाने शब्दाशी जोडला जातो? दुसरा: तुकडा येतो तेव्हा तो अर्थाची भर घालतो, की अर्थ आधीच ठरलेला असतो आणि तुकडा फक्त त्याला रूप देतो?

जुनी घटक-मांडणी पहिल्याला ‘नोंदीत’ आणि दुसऱ्याला ‘भर घालतो’ असे उत्तर देते. हाले आणि मरांझ यांचा 1993 चा वितरित रूपविचार ‘नोंदीत’, पण ‘रूप देतो’ असे म्हणतो. तिथे वाक्यरचना आधी वैशिष्ट्यांचा सांगाडा उभा करते आणि ध्वनिरूप नंतर भरले जाते. अँडरसन यांची 1992 ची मांडणी आणि स्टम्प यांची स्वतःची मांडणी ‘नियमाने’ आणि ‘रूप देतो’ या घरात बसतात. शब्दसिद्धीपुरते बोलायचे तर अरोनॉफ यांनी 1976 मध्ये नवा शब्द तयार शब्दापासून बनतो, सुट्या रूपिमांपासून नव्हे, असा आग्रह धरला. दुसऱ्या पायरीत ‘जबाबदार’पुढे केलेली खूण त्यांच्या बाजूने जाते.

सातवी पायरी: बोलणाऱ्यावर तपासणे

कागदावरचा नियम बोलणाऱ्याच्या मनात आहे का, हे वेगळे तपासावे लागते. जीन बर्को यांनी 1958 मध्ये लहान मुलांना ‘वग’ या बनावट नावाच्या प्राण्याचे चित्र दाखवून अनेकवचन विचारले. मुलांनी तो शब्द कधी ऐकलेला नव्हता, तरी अनेकवचन केले. मराठीसाठी असेच वाक्य रचा: ‘हा एक टिबूक आहे. मी या ____ हात लावला.’ उत्तर ‘टिबकाला’ आले तर ऊ जाण्याचा नियम जिवंत आहे. ‘टिबुकाला’ आले तर सामान्यरूप जिवंत आहे, पण तो नियम थकला आहे. ‘टिबूकला’ आले तर शब्द परका मानला गेला.

गमक रूपाचा दावाही असाच तपासता येतो. एका गटाला सांगा, ‘ही एक लोत, या दोन लोता’, दुसऱ्या गटाला, ‘ही एक लोत, या दोन लोती’. मग दोघांना ‘वर’ लावायला सांगा. दावा खरा असेल तर पहिला गट ‘लोतेवर’ म्हणेल आणि दुसरा ‘लोतीवर’.

परभाषेतून आलेले शब्द हा तयार प्रयोगच आहे. ‘टेबलावर’ म्हणतात, पण ‘कॉम्प्युटरावर’ म्हणत नाहीत. ‘डॉक्टरला’ म्हणतात, पण अनेकवचनात ‘डॉक्टरांना’ येतेच. एकवचनात सामान्यरूप टाळले जाते आणि अनेकवचनात टिकते. व्यक्तिनामांतही ‘सचिनला’ म्हणतात, ‘सचिनाला’ नाही. तीनही प्रारूपांना ही विषमता समजावून सांगायला लावा.

आठवी पायरी: लिहून काढणे

विश्लेषण मांडताना लाइप्झिश पद्धतीचे संकेत, म्हणजे शब्दाच्या तुकड्यांखाली त्यांचे अर्थ ओळीने लिहिण्याचे भाषाविज्ञानातले संकेत, वापरावेत. सहज सुटणाऱ्या तुकड्यांमध्ये आडवी रेघ, एकाच तुकड्यात मिसळलेल्या अर्थांमध्ये टिंब आणि ‘च’, ‘ही’ यांसारख्या शब्दाला टेकणाऱ्या निपातांपुढे बरोबरचे चिन्ह. ‘घरातच’ हे ‘घर-आ-त=च’ असे होईल, आणि खालच्या ओळीत ‘घर-सामान्यरूप.एकवचन-मध्ये=निश्चय’. खालच्या ओळीत टिंबे वाढत गेली की ती भाषा, किंवा भाषेचा तो भाग, रूपावलीच्या प्रारूपाकडे झुकतो असे समजावे. नुसत्या आडव्या रेघांनी भागत असेल तर घटक-मांडणी पुरेशी आहे.

एकाच भाषेसाठी एकच प्रारूप निवडण्याची सक्ती नाही. मराठीपुरते माझे मत विचाराल तर सामान्यरूपापर्यंतचा भाग आणि क्रियापदांची अंगे रूपावलीने, पुढची शब्दयोगी अव्ययांची साखळी घटक-मांडणीने आणि दगडबिगडसारखी द्विरुक्ती प्रक्रियेने मांडावी. तुमची सामग्री वेगळे सांगत असेल तर तिचे ऐका, पण प्रत्येक विभागात किती रूपिकांतरे, किती अटी आणि किती शून्ये वापरली याचा आकडा लेखात द्या. शेवटी कुठेच न बसलेल्या शब्दांची यादी जोडा आणि ती लहान दिसावी म्हणून एकही शब्द गाळू नका.